पन्नास जोर

त्याला सगळे हवालदार म्हणत, आणि फौजेत तो एक दिवसही नव्हता. नाव काही कौतुकाने पडलेलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी भरतीला निघाला तेव्हा आधी आठ दिवस गल्लीभर सांगत सुटला होता, केस पार बारीक कापून घेतले होते, मित्रांना पार्टीसुद्धा कबूल केली होती. संध्याकाळी जोडे हातात घेऊन परत आला. छाती एक सेंटिमीटर कमी भरली, म्हणाला. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने पंक्चर काढता काढता वर बघितलं आणि म्हणाला, "या हवालदार, बसा जरा." झालं. लोकांना तेवढंच हवं असतं. पुढे त्याचं लग्न झालं, पोर झाली, डोक्यावरचे केस विरळ झाले, पण हवालदारकी काही सुटली नाही.

त्यात छातीचं तर साफ खोटं होतं. छाती कुणी मोजलीच नव्हती, तिथवर स्वारी पोचलीच नाही. सोळाशे मीटर धावायचं होतं, मैदानाच्या चार फेऱ्या. चौथ्या फेरीत, शेवटचा पांढरा पट्टा समोर दिसत असताना, बरगडीखाली कळ आली म्हणून तो खाली बसला. कुणी ढकललं नाही, पाय घसरला नाही, नुसता बसला. दोन मिनिटांत कळ निघूनही गेली, पण तोवर घड्याळ बंद झालं होतं. ही गोष्ट त्याने जन्मात एकाच माणसाला सांगितली, बायकोला, आणि तीही लग्नाला सहा वर्षं झाल्यावर. ती शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "बसलात तर बसलात. जीव जात होता म्हणूनच बसलात ना?" त्याला हे उत्तर नको होतं. कुठलं हवं होतं हेही त्याला धड सांगता आलं नसतं. त्या बसण्याची लाज मात्र त्याने पोटात सांभाळून ठेवली, एखादा जुना कागद कपाटात ठेवावा तशी, आणि सत्तावीस वर्षांत तिला कसर लागू दिली नाही.

पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या कामात मात्र त्याला कुणी हसू शकत नव्हतं. गच्चीवरच्या खोलीत चढून लोखंडी दोरावरून चिंधी फिरवायचा. दोराची एखादी बारीक तार जरी तुटलेली असली तरी चिंधी तिथे अडकते, डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळतं. एकदा एका मोठ्या इमारतीचा सेक्रेटरी त्याच्या मागे लागला होता. लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की घंटा वाजते, लोक वैतागतात, तेव्हा घंटेची तेवढी तार काढून टाका. हवालदार त्याच्या अंगावरच गेला. "वजन जास्त झालं की ती ओरडणारच. तिचं तोंड मी बंद करणार नाही, दुसरा माणूस बघा." सेक्रेटरीने दुसरा माणूस बघितला. हवालदाराने ते काम सोडलं आणि घरी येऊन बायको-पोरीपुढे ताठ मानेने ती हकिगत सांगितली. पोर तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगितलं की माझे बाबा घंटेच्या बाजूने भांडले.

शेचाळिसाव्या वर्षी एका लिफ्टचं दार बसवत असताना त्याला आत चिकटवलेला कागद दिसला. 'नव्वद दिवस फौजी कसरत. रडणाऱ्यांनी येऊ नये.' त्या दिवशी तो नऊ मजले चढून आला होता आणि दम लागून जिन्यातच टेकला होता. टेकला म्हणजे बसलाच. कागद त्याने चार वेळा वाचला, आणि नख लावून अलगद सोडवून खिशात घातला. दुसऱ्याच्या इमारतीतली जाहिरात काढून आणायची कशाला, पण आणली खरी.

बंद पडलेल्या काचेच्या कारखान्यामागे मैदान होतं. तिथे मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी पहाटे साडेपाचला वीसेक माणसं जमत. शिकवणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले, साठीचे, काडीसारखे बारीक, आणि आवाज इतका हळू की कान द्यावा लागे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पहिल्याच दिवशी उस्तादांनी जोड्या लावल्या आणि नियम सांगितला. मैदानावर 'दुखतंय' हा शब्द काढायचा नाही. काही विचारलं तर एकच उत्तर, 'तयार'. ज्याच्या तोंडून दुखतंय निघेल त्याला शिक्षा नाही, त्याच्या जोडीदाराने पन्नास जोर काढायचे, आणि बोलणाऱ्याने समोर उभं राहून मोजायचे.

हवालदाराच्या जोडीला एक पोस्टमन आला. पोट सुटलेला, हसरा, तोंडाळ. पहिल्या आठवड्यात त्याच्या तोंडून तीनदा तो शब्द निघाला आणि तीनदा हवालदाराने मातीत तोंड खुपसून पन्नास-पन्नास काढले. चौथ्यांदा पोस्टमनाने ओठ दाताखाली धरला. आपल्यामुळे दुसऱ्याचे हाल होताना बघणं माणसाला स्वतःच्या दुखण्यापेक्षा जड जातं, हे उस्तादांना ठाऊक होतं. ते काही वेडे नव्हते.

दर शनिवारी शेवटी एक प्रकार व्हायचा. सगळ्यांनी लांब फळीवर ओळीने बसायचं, जोडे-मोजे काढायचे. उस्ताद छोटं स्टूल सरकवत एकेकासमोर येत, पाय मांडीवर घेत, नखं बघत, फोड बघत, आणि मग गुडघ्यापासून घोट्यापर्यंत नडगीच्या हाडावरून अंगठा दाबत दाबत खाली नेत. त्या वेळी ते पायाकडे बघत नसत, माणसाच्या तोंडाकडे बघत. हवालदाराला गुदगुल्या होत. म्हाताऱ्याचा चोखंदळपणा, दुसरं काय, असं त्याला वाटे. एका शनिवारी अंगठा पोस्टमनाच्या नडगीच्या मधोमध आला, पोस्टमन अवाक्षर बोलला नाही, फक्त त्याची डावी पापणी हलली. उस्ताद म्हणाले, "तीन आठवडे यायचं नाही. चालायचंसुद्धा कमी." हवालदार फळीवरून पोस्टमनाला म्हणाला, "मजा आहे बुवा तुझी. फुकटची सुट्टी."

त्या नव्वद दिवसांत तो सुखी होता, हे मान्य करायला हवं. पाठीवर वीस किलो वाळूची पिशवी घेऊन कोपरांवर सरपटताना, तोंडात माती जाताना, तो आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या हसण्याचा विषय नव्हता. पिशवी बायकोने शिवून दिली होती. ती सोफ्याची कव्हरं शिवायची, तेव्हा जाड कापड घरात होतंच. पट्ट्यांना तिने दुहेरी शिलाई घातली, खांद्याला काचू नये म्हणून आत फोमचा तुकडा भरला. शेवटच्या दिवशी ती पिशवी घेऊन अठरा किलोमीटर चालायचं होतं, तीन तासांच्या आत. सोळाव्या किलोमीटरला बरगडीखाली कळ आली. तीच, त्याच जागी, सत्तावीस वर्षांनी. त्याचे गुडघे वाकले. मग ते सरळ झाले. दोन तास बावन्न मिनिटांनी तो पोचला आणि कारखान्याच्या भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडला. उस्तादांनी त्याला रडू दिलं, पाठीवर हातही ठेवला नाही, आणि हवालदाराला तेच फार आवडलं.

इथवर सगळं छान होतं. तो इथेच थांबला असता तर त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

पोर एकोणीस वर्षांची झाली होती. कॉलेजच्या मैदानावर धावायची, आणि झकास धावायची. फौजेत जायचं हे तिचं स्वतःचं होतं, बापाने डोक्यात घातलेलं नव्हतं. भरती चार महिन्यांवर आली होती, आणि तिच्या वेळेत धावणारी दुसरी मुलगी कॉलेजात नव्हती. एकदा जेवताना ती म्हणाली होती, "बाबा, एक खरा हवालदार घरात येऊ दे, मग बघते तो सायकलवाला कुणाला हसतो ते." बापाचा घास हातातच राहिला. तिला खोटी छाती माहीत होती, खरं बसणं माहीत नव्हतं.

कॉलेजच्या क्रीडाशिक्षिकेने तिला वेळापत्रक करून दिलं होतं. पाच दिवस धावायचं, दोन दिवस पूर्ण विश्रांती, डाव्या पायाचा बूट घासला की लगेच बूट बदलायचे. हवालदाराने ते वाचलं आणि नाक मुरडलं. "विश्रांती? भरतीला जायचंय का सहलीला?" त्याने त्याच कागदावर आपला कागद डकवला. सातही दिवस. पहाटे पाच. वाळूची पिशवी. आणि लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावर राहणारा लिफ्टवाला, आणि त्याच्या घरातलं माणूस जिन्याने चढणार. वर घराचा नियम: 'दुखतंय' हा शब्द आजपासून या घरात नाही. उत्तर एकच, 'तयार'.

"आणि निघाला तोंडून तर?" पोरीने हसत विचारलं.

"तर तुझा जोडीदार जोर काढेल. पन्नास. तुझा जोडीदार मी."

दुसऱ्याच आठवड्यात निघाला. दोघं मैदानावरून परत येत होते, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती कठड्याला टेकली आणि सहज म्हणाली, "बाबा, आज पाय दुखतायत हं." त्याने पिशवी उतरवली, तिथेच जिन्याच्या चौकात पालथा झाला आणि जोर काढायला लागला. "मोज." तिला वाटलं गंमत आहे. वीसपर्यंत ती हसत मोजत होती. तिसाला त्याचा उजवा खांदा कटकन वाजला. तो खांदा आधीच अधू होता, काही वर्षांपूर्वी लिफ्टच्या दारात सापडलेला. अडतिसाला तो तोंडावर पडला. शेजारीण कचऱ्याचा डबा घेऊन आली, त्याला ओलांडून गेली आणि जाता जाता म्हणाली, "काय हो हवालदार, काही हरवलंय का?" पोर रडकुंडीला आली. "बाबा, उठा ना. मी उगाच म्हणाले. नाही दुखत." त्याने मान हलवली आणि उरलेले बारा काढले. उठला तेव्हा तोंड जांभळं झालं होतं आणि डोळे चमकत होते. "बघितलंस? हे असं असतं."

त्याला वाटलं आपण किती चांगले बाप आहोत. मारणं नाही, ओरडणं नाही, पोरीची शिक्षा आपण अंगावर घेतली. इतकी सभ्य क्रूरता शोधूनही सापडायची नाही, पण हे त्याला सांगणार कोण? रात्री बायकोने खांद्याला मलम चोळलं, पोर दारात उभी राहून बघत होती. त्या दिवसानंतर तिच्या तोंडून तो शब्द त्याच्यासमोर कधी निघाला नाही.

वेळ सुधारत गेली. तिची सोळाशेची वेळ दर आठवड्याला दोन-तीन सेकंदांनी खाली येत होती, आणि हवालदार ते आकडे स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहून ठेवत होता. मग आकडे अडले. मग एक-दोन सेकंद वर गेले. तो म्हणाला, "मनाचा खेळ आहे," आणि पिशवीत आणखी दोन किलो वाळू घातली.

बायकोच्या नजरेतून काही सुटत नसे, दिवसभर टाके बघून बघून डोळा तसा झाला होता. एका सकाळी ती त्याला म्हणाली, "अहो, ती जिना आडवी उतरते. दोन्ही हातांनी कठडा धरून. बघितलंत का?"

"दमली असेल."

"बादलीत बर्फाचं पाणी घालून पाय बुडवून बसते. तुम्ही कामाला गेलात की."

मग त्याने विचारलं. नाही असं नाही, विचारलं त्याने. पोर बुटाच्या नाड्या बांधत होती. "काय गं, पाय कसा आहे?" तिने वर बघितलं, त्याच्या डोळ्यांकडे नाही, उजव्या खांद्याकडे. आणि म्हणाली, "तयार." हवालदाराची छाती अशी भरून आली की त्या एका सेंटिमीटरचं त्याला हसू यावं. बायकोकडे वळून म्हणाला, "ऐकलंस?"

दुपारी आईने तिला एकटीला धरलं. पोर म्हणाली, "आई, बाबांना सांगू नकोस. पुन्हा खांदा मोडून घेतील. पंधरा दिवस तर राहिलेत." आईने मोजा खाली ओढून पाहिला. नडगीच्या मध्यावर नाण्याएवढी जागा सुजून गरम झाली होती. तिला सांगायला हवं होतं, डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. तिने दोन्ही केलं नाही. पंधरा दिवस म्हणजे काय जास्त, असं तिलाही वाटलं, कारण पोरीचे डोळे बघून कुणालाही तसंच वाटलं असतं. तिने फक्त पिशवीच्या पट्ट्यात आणखी थोडा फोम भरला. याची आठवण झाली की आजही ती हातातलं शिवण खाली ठेवते.

भरतीच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. मैदानाला तारेचं कुंपण होतं आणि पालक कुंपणाबाहेर. पोरीच्या छातीवर एकशे बारा नंबर होता. शिट्टी झाली. पहिली फेरी ती पाचवी होती, दुसरी फेरी तिसरी. हवालदार तारेला बोटं घालून उभा होता आणि मनात मोजत होता. तिसऱ्या फेरीत ती त्याच्या समोरून गेली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता, पण पाय चालत होते, आणि वेळ बसत होती, चांगली बसत होती. आता एकच फेरी उरली.

चौथ्या फेरीत, शेवटच्या वळणाआधी, ती एकदम खाली बसली.

डावा पाय हातात धरून बसली. कुंपणापासून वीस पावलांवर. मागची मुलगी तिला टाळून पुढे गेली. हवालदाराला समोर ती दिसतच नव्हती, त्याला एकोणीस वर्षांचा तो दिसत होता, आणि शेवटचा पांढरा पट्टा दिसत होता. त्याच्या नरड्यातून असा आवाज निघाला की शेजारचा माणूस दोन पावलं बाजूला झाला. "बसू नकोस! ऊठ! कळ आहे, जाते! ऊठ!"

तिने त्याच्याकडे बघितलं. आणि ती उठली.

त्या पायावर ती अकरा पावलं धावली. त्याने मोजली नव्हती, पण नंतर हजार वेळा डोळ्यांसमोर आणून आणून मोजली, दर वेळी अकराच भरतात. अकराव्या पावलाला नडगी मधोमध वाकली, जिथे माणसाचा पाय वाकत नाही तिथे. आवाज कुंपणापर्यंत आला. ती पडली, पण ओरडली नाही. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावली.

हाडांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो काचेवर लावला आणि बोटाने दाखवलं. ही भेग आजची नाही. निदान दीड महिन्याची जुनी. बारीक भेग होती, आणि हाड ती स्वतःच भरून काढायच्या प्रयत्नात होतं, हे बघा, इथे. सहा आठवडे पाय टेकला नसता तर आपोआप जुळली असती, पुढच्या भरतीला धावली असती. आज मैदानावर बसली होती तेव्हाच उचलून आणली असती, तरी प्लास्टरवर भागलं असतं. "त्यानंतर त्याच पायावर जोर पडलाय. हाड सरकलंय. आता आत सळई घालावी लागेल." सळई घातलेल्या पायाला फौज घेत नाही, हे बाप, आई आणि पोर, तिघांनाही माहीत होतं.

मग डॉक्टरीणबाई पोरीकडे वळल्या. "कधीपासून दुखतंय?"

पोरीने बापाकडे बघितलं. ओठ घट्ट मिटून घेतले.

"आता तरी किती दुखतंय, सांगशील का? इंजेक्शन किती द्यायचं ते मला ठरवायचंय."

"ठीक आहे," पोर म्हणाली. कपाळावरून घाम कानापर्यंत उतरला होता.

डॉक्टरीणबाईंनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा बापाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

तो बाहेर गेला. दार लागलं, आणि लागल्या लागल्या आतून पोरीचा आवाज आला. "दुखतंय. आई, खूप दुखतंय गं. खूप दुखतंय." चार महिन्यांचा साठा होता तो. तोच शब्द, पुन्हा पुन्हा, थांबतच नव्हता. हवालदार बाकावर बसला, उठला, भिंतीशी गेला. आत बायकोही रडत होती. त्या एका दारापलीकडे आई होती, डॉक्टरीणबाई होत्या, आणि त्याला सोडून सगळ्यांना ती सांगत होती.

बायको बाहेर आली ती त्याच्यासमोर उभी राहिली. ती ओरडणारी बाई नव्हती. "लिफ्टची घंटा बंद करा म्हणाला तर त्या सेक्रेटरीच्या अंगावर गेलात," ती म्हणाली. "हजारदा ऐकवलंत आम्हाला. आणि घरातली तेवढी बंद केलीत." मग म्हणाली, "आणि मी पट्टे शिवत बसले."

पाच-सहा दिवसांनी तो उस्तादांकडे गेला. भांडायला गेला होता, खरं सांगायचं तर. तुमच्या नियमाने माझ्या पोरीचा पाय गेला, असं वाक्य त्याने बसमध्ये तयार केलं होतं. उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "आठवड्यातून किती दिवस?"

"सातही."

"मी तुम्हाला तीन दिवस बोलावत होतो. उरलेले चार दिवस मी झोपत होतो असं वाटलं का तुम्हाला?"

हवालदार हातातलं बसचं तिकीट दुमडायला लागला.

"आणि शनिवारी? तिचा पाय कोण बघत होतं?"

"कसला पाय?"

उस्ताद खुर्ची पुढे ओढून त्याच्यासमोर बसले. "हवालदार, वीस माणसांना मी बोलायची बंदी केली होती. मग कुणाचं काय मोडतंय हे मला कसं कळणार? म्हणून तर दर शनिवारी एकेकाचा पाय मांडीवर घेत होतो. पोस्टमनाला मी कशाने ओळखलं? तो बोलला होता का?" त्यांनी स्वतःचा अंगठा वर धरला, वाकडा, जाड नखाचा. "हा नसता तर त्या नियमाला काही अर्थच नव्हता."

दोरावरून चिंधी फिरवून एक तुटलेली तार शोधणारा माणूस, आणि त्याला हे सुचलं नाही. बंदी तेवढी त्याने घरी नेली, कारण ती रुबाबदार होती. पोरीसमोर खाली बसायचं, तिचा पाय मांडीवर घ्यायचा, हे त्याला कसरतीतलं वाटलंच नव्हतं. परतीच्या बसमध्ये त्याला ते तयार केलेलं वाक्य आठवलं आणि स्वतःची शिसारी आली.

याला आता पाच वर्षं झाली. वयाची अट एकवीस होती, ती केव्हाच उलटली, सळई होती ती आहेच. पोर एका दंतवैद्याकडे कामाला आहे. दिवसभर माणसं गालाला हात लावून येतात, आणि ती प्रत्येकाला विचारते, कुठे दुखतंय, कधीपासून, आणि कार्डावर लिहून घेते. लोक म्हणतात ती फार प्रेमाने विचारते. घरी ती हसते, बोलते, बापाच्या डब्यात चमचा टाकायला विसरत नाही. तिने त्याला एका शब्दाने कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटतं, पण त्याच्या वाटण्याला आता किंमत काय? सायकलवालासुद्धा हल्ली त्याला हवालदार म्हणत नाही. दारामागचे खडूचे आकडे बायकोने ओल्या फडक्याने पुसले, आणि वाळूची पिशवी उसवून तिच्या कापडाची दोन पायपुसणी केली.

थंडी पडली की पोरीचा पाय ठणकतो. अशा वेळी ती स्वयंपाकघरात आईजवळ जाते आणि दार ओढून घेते. दार पातळ आहे. तो बाहेर वर्तमानपत्र घेऊन बसतो आणि एकच पान धरून ठेवतो.

परवा सकाळी ती कामावर निघायच्या आधी खुर्चीत बसली होती, डावा पाय स्टुलावर ठेवून. बायको दूध आणायला गेली होती. हवालदार तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्याला जमिनीवर बसायला हल्ली वेळ लागतो. त्याने तिचा पाय उचलून मांडीवर घेतला. त्याने अंगठा गुडघ्याखाली ठेवला आणि हळूहळू दाबत हाडावरून खाली आणला, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"इथे?"

"नाही बाबा."

"इथे?"

"नाही."

अंगठा मध्यावर आला. तिचा सगळा पाय त्याच्या मांडीवर थरथरला, बोटं आत वळली.

"इथे दुखतंय का गं?" त्याने विचारलं. नियम केल्यापासून त्या घरात हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता.

तिने त्याच्या उजव्या खांद्याकडे बघितलं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "उठा आता, तुम्हाला उशीर होईल."